ओढणे आणि सोडणे : आपले सांधे वाकतात आणि सरळ होतात ते कसे

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी सोडताना जे कागद मिळतात, त्यांत फिजिओथेरपिस्टने लिहिलेली एक ओळ पुष्कळदा असते : ‘एक्स्टेन्सर लॅग, १० अंश’. पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या कागदावर ‘फ्लेक्सर टोन वाढलेला’ असे काहीसे लिहिलेले असते. घरची माणसे ती ओळ वाचतात, कुणाला विचारावे ते सुचत नाही, आणि कागद फायलीत जातो. पुढचे कित्येक आठवडे रुग्णाकडून काय करून घ्यायचे आणि कुठे ओढाताण करायची नाही, याची दिशा त्या एका ओळीत असते, म्हणून ती समजून घेणे मला फार गरजेचे वाटते. त्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. कुणाला ताक घुसळताना लक्षपूर्वक पाहिलेले असले तरी पुरे.

## दोन नावे आणि त्यांतला घोळ

सांधा वाकवणाऱ्या स्नायूला डॉक्टर फ्लेक्सर म्हणतात आणि वाकलेला सांधा सरळ करणाऱ्या स्नायूला एक्स्टेन्सर. मराठी पुस्तकांत त्यांना आकुंचक आणि प्रसारक अशी नावे आढळतात, पण ती वाचकाची दिशाभूल करतात असे माझे मत आहे. ‘प्रसारक’ म्हटले की हा स्नायू स्वतः पसरत असावा आणि लांब होऊन हाड पुढे ढकलत असावा, असे वाटते. प्रत्यक्षात तोही आकुंचन पावूनच, म्हणजे आखडूनच, हाड हलवतो. हे नाव सांध्याचे काय होते त्यावरून पडले आहे, स्नायूचे काय होते त्यावरून नाही. म्हणून येथून पुढे मी ‘वाकवणारा’ आणि ‘सरळ करणारा’ हेच साधे शब्द वापरणार आहे. आणखी एक शब्द लागेल तो ‘कंडरा’. स्नायूचे टोक ज्या पांढऱ्या, चिवट दोराने हाडाला बांधलेले असते, तो दोर म्हणजे कंडरा. टाचेच्या वर, मागच्या बाजूला चिमटीत पकडता येते ती शरीरातली सर्वांत जाड कंडरा आहे.

## स्नायूला फक्त ओढता येते

स्नायू म्हणजे सूक्ष्म तंतूंच्या जुड्या. प्रत्येक तंतूच्या आत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. जाड धाग्यावरचे चिमुकले हात बारीक धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात आणि थोडे पुढे पुन्हा पकडतात. विहिरीतून पोहरा काढताना आपण हातावर हात टाकत दोर ओढतो, तसे. हे धागे एकमेकांवरून सरकतात, ही गोष्ट १९५४ साली ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी आणि स्वतंत्रपणे अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांनी मांडली. ही यंत्रणा एकाच दिशेने चालते. स्नायू आखडू शकतो आणि ढिला पडू शकतो, पण ढिला पडलेला स्नायू आपण होऊन हाडाला दूर लोटू शकत नाही. त्याला पुन्हा लांब करायचे तर दुसऱ्या कुणीतरी ओढावे लागते, आणि म्हणूनच बहुतेक सांध्यांवर समोरासमोर काम करणारे स्नायू असतात.

रवी आठवून पाहावी. रवीला दोरीचे वेढे दिलेले असतात आणि दोरीची दोन टोके दोन हातांत असतात. उजव्या हाताने ओढले की रवी एका अंगाला फिरते, डाव्याने ओढले की दुसऱ्या. कोणताही हात ढकलत नाही, कारण दोरीने ढकलता येतच नाही. उजवा ओढत असताना डाव्याला दोरी सोडत जावे लागते. दोघांनी एकदम ओढले तर रवी जागच्या जागी घट्ट उभी राहते. मात्र सोडणारा हात मोकळा पडलेला नसतो. तो दोरीवर हलका ताण ठेवून पुढे सरकतो, कारण दोरी एकदम सैल सोडली तर वेढे निसटतात. शरीराच्या हालचालीबद्दल सांगण्यासारखे जवळजवळ सर्व काही या तीन गोष्टींत आले आहे : ओढणे, सोडणे, आणि ताण ठेवून सोडणे.

## मग भिंत ढकलतो ती कशी?

हा आक्षेप रास्त आहे. स्नायू फक्त ओढत असेल, तर बंद पडलेली गाडी माणसे ढकलतात ती कशाने? कोपर टेबलावर टेकवल्यावर जे टोकदार हाड टोचते, त्याला हात लावून पाहावा. हे टोक सांध्याच्या मागे निघालेले आहे आणि दंडाच्या मागचा स्नायू, ज्याला व्यायामशाळेत ट्रायसेप्स म्हणतात, तो या टोकाला बांधलेला आहे. तो आखडला की टोक वर ओढले जाते आणि सांध्याच्या पलीकडचा सगळा हात पुढे जातो. बागेतल्या सी-सॉच्या फळीचे एक टोक खाली दाबल्यावर दुसरे वर जाते, तसे. आपण ज्याला ढकलणे म्हणतो, ते सांध्याच्या मागच्या बाजूने केलेले ओढणे असते.

दंडाच्या पुढच्या बाजूला बायसेप्स आहे. लहान मुले हात वाकवून बेटकुळी काढून दाखवतात ती त्याचीच. तो कोपराच्या सांध्यापासून साधारण ४ सेंटीमीटरवर हाडाला बांधलेला असतो, तर मुठीत धरलेले वजन सांध्यापासून सुमारे ३२ सेंटीमीटर दूर असते. दार कडीपाशी न धरता बिजागरीपाशी रेटून उघडण्यासारखा हा प्रकार आहे. कोपर काटकोनात ठेवून ५ किलोची पिशवी धरली, तर वाकवणाऱ्या स्नायूंना मिळून आठपट, म्हणजे ४० किलो तोलण्याइतकी ओढ द्यावी लागते, आणि हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. हा व्यवहार तोट्याचा दिसतो, पण त्यातून वेग मिळतो. स्नायू १ सेंटीमीटर आखडला की मूठ सुमारे ८ सेंटीमीटर सरकते.

आता एक प्रयोग करून पाहावा. एका हातात पाण्याची भरलेली बाटली घेऊन ती सावकाश टेबलावर ठेवावी आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या हाताने तो दंड चाचपावा. कोपर सरळ होत असते, म्हणून सरळ करणारा स्नायू काम करत असेल अशी आपली अपेक्षा असते. पण घट्ट लागते ती पुढची बेटकुळी, आणि मागचा ट्रायसेप्स मऊच असतो. हात खाली आणण्याचे काम बाटलीचे वजन करत असते. बायसेप्स ताण ठेवून हळूहळू सोडत असतो. बाटली टेकल्यानंतर टेबल खाली दाबले, की मात्र ट्रायसेप्स क्षणात कडक होतो.

## समोरच्याला ‘सोड’ असे कोण सांगते?

हात वाकवताना आपण मागच्या स्नायूला ढिले पडण्याची सूचना जाणूनबुजून देत नाही. हे काम पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू करतो. इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवर केलेल्या दीर्घ प्रयोगांतून दाखवले, की एका स्नायूला आखडण्याचा निरोप जातो त्याच वेळी मज्जारज्जूतच समोरच्या स्नायूच्या चेतापेशीला गप्प केले जाते. शेरिंग्टन यांना १९३२ साली एडगर एड्रियन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. ढिले पडणे म्हणजे नुसता कामाचा अभाव नव्हे, ती चेतासंस्थेने मुद्दाम दिलेली आज्ञा असते, ही समज मला त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची वाटते.

रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, तेव्हा ही आज्ञा उपयोगी पडते. पोटरी दगडासारखी होते आणि पाऊल टोकाकडे ताणले जाते. अशा वेळी पोटरी नुसती चोळत बसण्यापेक्षा पाऊल आणि पायाची बोटे आपल्याच बळाने नडगीकडे ओढावीत. नडगीजवळचा स्नायू आखडू लागला की त्याच्या विरुद्ध बाजूच्या पोटरीला मज्जारज्जूतून सोडण्याची सूचना जाते, आणि पोटरी ताणली जाते तो फायदा आणखी वेगळा.

ही आज्ञाच बंद पडली तर काय होते, ते एका जुन्या रोगाच्या नावातच आहे. धनुर्वाताच्या जंतूचे विष मज्जारज्जूत पोहोचते आणि ‘सोड’ सांगणाऱ्या पेशींचा रासायनिक निरोप अडवते. मग दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम ओढू लागतात आणि जी बाजू बळकट असते तिकडे शरीर वळते. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी बळकट आहेत, म्हणून बहुतेक वेळा आधी दातखीळ बसते. पाठीचा कणा सरळ ठेवणारे स्नायू पोटाच्या स्नायूंवर मात करतात, म्हणून शरीर मागे धनुष्यासारखे ताणले जाते. रवीची दोन्ही टोके एकाच वेळी ओढली जाण्याचे याहून भयंकर रूप नाही. एके काळी बाळंतिणी आणि नवजात बालके या रोगाने दगावत. लसीकरणामुळे आणि सुरक्षित बाळंतपणांमुळे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. जंतू मात्र मातीत आहेतच, आणि प्रौढांनीही लस वेळेवर घेण्याचे कारण तेच आहे.

## सोडणे फुकट होते का?

धाग्यांच्या पातळीवर पाहिले तर सोडण्यालाच इंधन लागते. जाड धाग्यावरच्या चिमुकल्या हाताने एकदा पकड घेतली, की ती सुटण्यासाठी पेशीतले एटीपी नावाचे ऊर्जाद्रव्य त्याला येऊन चिकटावे लागते. मृत्यूनंतर हे द्रव्य तयार होणे थांबते आणि हात धरलेल्या जागीच अडकून राहतात. काही तासांनी मृतदेह ताठ होतो त्याचे हेच कारण आहे.

जिवंत माणसाला सोडण्याची किंमत कळते ती गड उतरताना. चढताना दम लागतो, पण गुडघे बोलू लागतात, मांड्या थरथरतात आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरणे नकोसे होते, ते उतरण्यामुळे. चढताना मांडीच्या पुढचा मोठा स्नायुसमूह, क्वाड्रिसेप्स, आखडत गुडघा सरळ करतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना गुडघा वाकत असतो, म्हणून वाकवणारा स्नायू काम करत असेल असे वाटते. परंतु बाटलीच्या प्रयोगाप्रमाणे येथेही वाकवण्याचे काम शरीराचे वजनच करते आणि क्वाड्रिसेप्स ताण ठेवून लांब होत जातो. त्याने हे काम सोडले तर प्रत्येक पायरीवर माणूस गुडघ्यात कोसळेल. ताणाखाली लांब होताना स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात, आणि सवय नसलेल्या माणसाला त्यांचे दुखणे एक-दोन दिवसांनी जास्तीत जास्त जाणवते. उतरणीची थोडी थोडी सवय असलेल्या स्नायूला हे दुखणे बरेच कमी होते. म्हणून मोठ्या गडाआधी फक्त चढण्याचा सराव करणाऱ्यांची तयारी मला अर्धीच वाटते.

## मग स्नायू कायमचा एकाच बाजूचा असतो का?

नाही. सूर्यनमस्कारात गुडघे ताठ ठेवून पुढे वाकताना मांडीच्या मागे जी ओढ बसते, ती हॅमस्ट्रिंगची. हा स्नायुसमूह बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली बांधलेला असतो, म्हणजे तो दोन सांधे ओलांडतो. खुब्यापाशी तो सरळ करणारा आहे आणि गुडघ्यापाशी वाकवणारा. गुडघे किंचित वाकवले की खालच्या टोकाला सैल मिळते आणि तळवे सहज जमिनीजवळ जातात. क्वाड्रिसेप्सचा एक भाग याच्या अगदी उलट, खुबा वाकवतो आणि गुडघा सरळ करतो. खुर्चीवरून उठताना हे दोघेही एकाच वेळी आखडतात आणि तरीही माणूस उभा राहतो, हे कोडे वॉरेन लोंबार्ड यांनी १९०३ साली मांडले. त्याचे उत्तर पुन्हा बिजागरीपासूनच्या अंतरात आहे : खुब्यापाशी हॅमस्ट्रिंगची पकड वरचढ ठरते आणि गुडघ्यापाशी क्वाड्रिसेप्सची.

## बोटांचे दोर

बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरावा आणि मनगट तळहाताच्या बाजूला सैल पडू द्यावे. बोटे आपोआप थोडी उघडतात. मनगट मागे पडू दिले की ती आपोआप मिटतात. मनगट पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहिली तर ती ढिलीच राहते, कारण वाकवणारे दोर आधीच आखडून संपलेले असतात आणि पाठीमागचे दोर पुरते ताणलेले असतात.

यावरून टेनिस एल्बो या दुखण्याचा उलगडा होतो. धुणे पिळताना, कणीक मळताना किंवा जड बॅट पकडताना ताकद बोटे वाकवणारे स्नायू लावतात, पण त्या ओढीने मनगटही वाकून जाऊ नये म्हणून हाताच्या पाठीमागचे, मनगट सरळ ठेवणारे स्नायू पूर्ण वेळ ताणून धरावे लागतात. त्यांचा उगम कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर असतो, आणि तिथली कंडरा झिजली की दुखणे मूठ आवळताना कोपरात उठते. २००४ साली सचिन तेंडुलकर यांना याच दुखण्याने मैदानाबाहेर ठेवले होते.

तळहातातले छोटे स्नायू या मोठ्या दोरांचा तोल राखतात. कुष्ठरोगात कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी चेता निकामी झाली की हे छोटे स्नायू लुळे पडतात, मोठे दोर मात्र शाबूत राहतात. मग बोटांची मुळे मागे ओढली जातात, पुढची पेरे वाकतात आणि हात जनावराच्या पंजासारखा वाकडा होतो. हे बोट वाकडे होणे म्हणजे बोट झडण्याची सुरुवात आहे, असे लोक समजत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून निरोगी स्नायूची कंडरा दुसऱ्या मार्गाने वळवून बोटांना जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आणि अशा हातांना पुन्हा पेला धरता येऊ लागला. स्नायू तोच राहतो, त्याचा दोर तेवढा नव्या जागी बांधला जातो, आणि त्या दोराने नवे काम करायला मेंदू सरावाने शिकतो.

## पक्षाघातानंतर हात वाकलेला आणि पाय ताठ का?

मेंदूकडून येणारा लगाम तुटला की मज्जारज्जू स्वतःच्या सवयीने वागू लागतो. त्यामुळे पुष्कळ रुग्णांत काही आठवड्यांनी हाताचे वाकवणारे आणि पायाचे सरळ करणारे स्नायू जास्त ताठरतात. कोपर छातीशी येते, मूठ आवळली जाते, आणि पाय गुडघ्यात न वाकल्यामुळे बाजूने अर्धवर्तुळ काढत पुढे टाकावा लागतो. कागदावरच्या ‘फ्लेक्सर टोन वाढलेला’ या ओळीचा अर्थ हाच.

घरच्यांनी मनावर घ्यावी अशी गोष्ट येथे आहे. हा ताठरपणा ओढण्याच्या वेगावर अवलंबून असतो. मिटलेली मूठ झटक्याने उघडायला गेले तर ताणलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने उलट जास्त आखडतो. तीच मूठ आधी मनगट हलकेच तळहाताच्या बाजूला वाकवून, अंगठ्यापासून सुरुवात करून, अगदी सावकाश उघडली तर सुटते. वडील मुद्दाम मूठ सोडत नाहीत, असे वैतागलेल्या मुलांना वाटते, ते खरे नसते. सोडण्याचा निरोपच तिथे पुरेसा पोहोचत नसतो. काही रुग्णांत डॉक्टर ताठरलेल्या स्नायूत बोटॉक्सचे इंजेक्शन देतात. ते ज्या जंतूपासून मिळते तो धनुर्वाताच्या जंतूचाच भाऊबंद आहे; मात्र त्याचे विष ओढण्याचा निरोप अडवते, म्हणून मोजक्या मात्रेत ते औषध ठरते.

## ‘एक्स्टेन्सर लॅग, १० अंश’

दुसऱ्याने पाय उचलून धरला तर गुडघा पूर्ण सरळ होतो, पण रुग्णाने स्वतः सरळ करायला घेतला तर शेवटचे १० अंश राहून जातात, असा या ओळीचा अर्थ. सांधा मोकळा आहे, क्वाड्रिसेप्स कमी पडतो आहे. म्हणजे अशा गुडघ्यावर दाब देऊन तो जबरदस्तीने सरळ करण्याने काहीच साधत नाही. शेवटचे ते अंश रुग्णाने स्वतःच्या स्नायूने मिळवायचे असतात.

त्यासाठी बहुधा सांगतात तो व्यायाम साधा आहे. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. काही सेकंद धरायचे, मग तितक्याच सावकाश सोडायचे. किती वेळा, ते फिजिओथेरपिस्टच ठरवतील. जवळ बसलेल्याने बोट गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेला ठेवावे. पहिल्या दिवसांत रुग्ण कितीही जोर लावतो असे म्हणाला तरी बोटाखाली नुसती एक थरथर लागते. स्नायू जागा होऊ लागला की वाटी मांडीच्या दिशेने सरकते, आधी जेमतेम, आणि मग बोटाला स्पष्ट कळेल इतकी.